गोलकीपर बदला!

मुलांनो, सामना बघताना तुम्ही कधी कुणाच्या नावाने ओरडला आहात का? "अरे, याला काढा रे बाहेर!" असं? मी ओरडले आहे. चांगली घसा बसेपर्यंत ओरडले आहे. गंमत अशी, की ज्याच्या नावाने ओरडले त्याच्या कानावर ते गेलंच नाही. गेलं ते भलत्याच्याच कानावर. त्याचीच ही गोष्ट.

आधी थोडं मागचं सांगते. २०१४ साली इंडियन सुपर लीग ही फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली आणि तिच्यात आपल्या पुण्याचाही एक संघ उतरला, एफसी पुणे सिटी. घरचे सामने बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात. आमची सोसायटी तशी क्रिकेटवेडी. पण एकदा कुणीतरी तिकिटं आणली, आम्ही दहा-बाराजण हौसेने गेलो आणि जे अडकलो ते अडकलोच. बँकेतून निवृत्त झालेले काका, तळमजल्यावरची नववीतली मुलगी, कॉलेजात जाणारा एक दादा, दुसरीतले जुळे भाऊ, मी आणि माझा भाचा. नारिंगी टी-शर्ट घालून, पिशवीत चिवडा घेऊन आमची वरात बालेवाडीला निघायची. सगळी मुलं मला 'मावशी'च म्हणायची, त्यामुळे मी आपोआप सगळ्यांची मावशी झाले.

भाचा तेव्हा सातवीत होता. आमच्या भागातल्या चार-पाच सोसायट्यांच्या मुलांचा एक संघ होता, त्याचा तो गोलकीपर. तो गोलकीपर कसा झाला माहीत आहे? गल्लीत जसे सगळे होतात तसाच. सगळ्यांना पुढे पळून गोल मारायचे असतात. मग जो उशिरा येईल, किंवा जो हळू पळतो, त्याला दोन चपलांच्या मध्ये उभं करतात. भाचा दोन्हीत बसायचा. उशिराही यायचा आणि हळूही पळायचा! पण हळूहळू त्याला ती जागा आवडायला लागली. वाढदिवसाला त्याने माझ्याकडून सायकल नाही मागितली, हातमोजे मागितले. ते तो उशाशी घेऊन झोपायचा, असं माझी बहीण सांगायची.

२०१७-१८चा हंगाम आमच्या संघाला फार चांगला गेला. पहिल्यांदाच पुणे उपान्त्य फेरीत पोचलं. समोर बेंगळुरूचा बलाढ्य संघ. दोन सामने व्हायचे होते, एक पुण्यात, एक बेंगळुरूला, आणि दोन्हींचे गोल एकत्र धरायचे होते. पहिला सामना ७ मार्च २०१८ला, बुधवारी रात्री. दुसऱ्या दिवशी शाळा, वार्षिक परीक्षा तोंडावर! "गणिताचे दोन धडे आधी, मग बालेवाडी," या अटीवर भाच्याला परवानगी मिळाली.

तो सामना ०-० सुटला. एकही गोल नाही, पण आम्ही नाचत घरी आलो. पुण्याच्या गोलमध्ये विशाल कैथ उभा होता. हिमाचल प्रदेशातल्या शिमला जिल्ह्यातला, अवघा एकवीस वर्षांचा. समोर सुनील छेत्रीसारखा खेळाडू असताना या पोराने गोल होऊ दिला नाही, म्हणून काकांनी परतीच्या वाटेवर त्याला "वाघ" अशी पदवी देऊन टाकली. भाचा तर रस्ताभर दोन्ही हात पसरून चालत होता.

चारच दिवसांनी, रविवारी ११ मार्चला, दुसरा सामना. आम्ही सगळे आमच्या घरी टीव्हीसमोर. पंधराव्या मिनिटाला छेत्रीचा गोल. दुसऱ्या सत्रात पेनल्टी, पुन्हा छेत्री. मग पुण्याच्या जोनातन लुकाने फ्री किकवर एक गोल फेडला. आम्ही सोफ्यावर उभे! आणि शेवटच्या मिनिटांत छेत्रीचा तिसरा. ३-१. संपलं.

मग काय, बुधवारचा वाघ रविवारी शेळी झाला!

"मी सांगतो, पुढच्या हंगामात गोलकीपर बदलायलाच हवा," काकांनी सुरुवात केली. "एवढ्या मोठ्या सामन्यात अनुभव लागतो."

"संघात कमलजीत सिंग आहे ना! पहिली संधी आता त्याला द्या," दादा म्हणाला.

"परदेशी आणा, परदेशी!" जुळे ओरडले. त्यांना २०१६ सालचा आपल्या संघातला एडेल आठवत होता. त्याच्या आदल्या दोन वर्षांतही इटलीचा बेलार्डी आणि इंग्लंडचा सिमन्सन असे गोलकीपर पुण्याने बाहेरूनच आणले होते.

"तसं नाही करता येत," नववीतली मुलगी म्हणाली. आमच्यात नियम तिलाच पाठ. "या वर्षीपासून मैदानात एका वेळी पाचच परदेशी चालतात. एक गोलमध्ये उभा केला, तर पुढे चारच उरतात. म्हणून तर सगळे संघ भारतीय गोलकीपर बघतात."

वाद चांगला रंगला. खरं सांगायचं तर असा वाद घालण्यात काहीच गैर नाही. आपल्या संघावर जीव असला की माणूस बोलणारच. पण मी काय केलं? मी ना नियम सांगितला, ना कारण. मी नुसती ओरडले, "तीन गोल खाल्ले त्याने! काढाच त्याला! असला गोलकीपर असण्यापेक्षा नसलेला बरा!" सगळे हसले. मला वाटलं, मी काहीतरी फार छान बोलले.

भाचा कोपऱ्यात बसला होता. तो हसला नाही. एकदम म्हणाला, "मावशी, तीनमधला कुठला गोल अडवता आला असता?"

मी गप्प. मला काय ठाऊक! मी तर फक्त जाळं हललेलं बघितलं होतं. चेंडू कुठून आला, वाटेत कोण चुकलं, पेनल्टी का मिळाली, यातलं काहीसुद्धा मला सांगता येईना. भाचा उठला, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्याला आणि घरी निघून गेला.

मंगळवारी बहिणीचा फोन आला. "अगं, याने हातमोजे माळ्यावर टाकलेत. फुटबॉल बंद म्हणतोय. काय झालंय ते सांगतही नाही. तू जरा येऊन बघ."

मी गेले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्यावर त्याने भूगोलाच्या वहीतून एक चौकोनी घडीचा कागद काढला. त्याच्या संघातल्या मुलांनी सरांना दिलेल्या चिठ्ठीची ती कच्ची प्रत होती. चुकून त्याच्याच दप्तरात आलेली. त्यात लिहिलं होतं, "आपण शनिवारी चार गोलांनी हरलो. आपला गोलकीपर बदलावा, ही विनंती." खाली सात सह्या. तिसरी सही त्याच्या जिवलग मित्राची. बालवाडीपासून एका बाकावर बसणाऱ्या मित्राची.

"हे तुला कधी मिळालं?"

"रविवारी सकाळी."

म्हणजे रविवारी रात्री, आमच्या घरी, तो हा कागद खिशात घेऊन बसला होता. आणि आम्ही सगळे मोठ्या आवाजात तेच म्हणत होतो!

"तू तर सगळ्यात जोरात म्हणालीस, मावशी," तो म्हणाला. रागाने नाही, अगदी साधेपणाने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी त्याची समजूत घालायला गेले. म्हटलं, "अरे, २०११चा आशिया कप आठव. भारताने तीन सामन्यांत तेरा गोल खाल्ले. ऑस्ट्रेलियाचे चार, बहरीनचे पाच, दक्षिण कोरियाचे चार. तरी आपल्या सुब्रतो पालला लोकांनी 'स्पायडरमॅन' म्हटलं. कारण त्याने अडवले त्याची गणतीच नव्हती! आणि तो त्या सुमारास आपल्या पुण्याच्याच पुणे एफसीकडून खेळायचा."

भाचा म्हणाला, "तो सुब्रतो पाल आहे. मी मीच आहे."

बरोबरच होतं त्याचं. दुखऱ्या गुडघ्यावर दुसऱ्याच्या पराक्रमाची पट्टी बांधून काय उपयोग?

मी दिवसभर हिशेबाचं काम करते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, ऑफिसात एक रुपयाचा फरक आला तरी मी कुणावर ओरडत नाही. आधी वही उघडते. कुठल्या नोंदीत चूक आहे ते शोधते. मग इथेच मी नोंद न बघता निकाल कसा दिला? 

दुसऱ्या दिवशी एक कोरी वही घेऊन गेले आणि भाच्याला म्हटलं, "हातमोजे माळ्यावरून काढ. शनिवारी सरावाचा सामना आहे ना? तू खेळ, मी फक्त लिहिते. नंतर काय ते ठरव."

शनिवारी मी गोलच्या मागे खुर्ची टाकून बसले. पहिल्यांदाच ते काम इतक्या जवळून बघितलं. टीव्हीवर गोल केवढासा दिसतो! पण मोठ्या मैदानावरचा गोल सात मीटर बत्तीस सेंटिमीटर रुंद असतो. तीन रिक्षा एकापुढे एक लावल्या, तर त्यांच्या लांबीपेक्षा थोडाच कमी. उंची दोन मीटर चव्वेचाळीस. त्यात एकटा माणूस. पेनल्टी अकरा मीटरवरून मारतात आणि जोरात मारलेला चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आसपास येऊन पोचतो. 'अडव' म्हणेपर्यंत अडवायची वेळ निघून गेलेली असते. आमच्या मुलांचा गोल लहान होता, पण भाचाही लहानच होता की!

मी वहीत रकाने आखले होते. चेंडू कुणी गमावला, शॉट कुठून आला, समोरच्याला कोण अडवत होतं, गोलकीपर कुठे होता, पुढे काय झालं. सामना संपला तेव्हा हिशेब असा निघाला: गोलच्या दिशेने अकरा शॉट. सात अडवले. चार गोल.

आम्ही दोघं पारावर बसून एकेक ओळ वाचायला लागलो. पहिला गोल, त्याने अडवलेला चेंडू समोर पडला आणि आपला एकही खेळाडू तो उडवायला आला नाही. दुसरा, कॉर्नरवर. समोरचा उंच मुलगा एकटाच उभा होता. तिसरा, आपल्याच मुलाच्या पायाला लागून दिशा बदलली.

चौथ्या ओळीवर मी थबकले. लिहिलं होतं, "पुढे यायला उशीर." वाचावं की वगळावं? हिशेबात खाडाखोड चालत नाही, म्हणून वाचलं.

भाचा म्हणाला, "हो, हा माझा." मग थोडं थांबून, "आणि कॉर्नरचा पण अर्धा माझा. तो एकटा उभा आहे हे मला दिसत होतं. मी ओरडून सांगायला हवं होतं. मला नाही ओरडता येत गं."

ही गोष्ट माझ्या वहीत नव्हती. अख्खं मैदान ज्याला समोर दिसतं तो एकटा गोलकीपर. बाकीच्यांची त्याच्याकडे पाठ असते. म्हणून त्याने हात जितके वापरायचे, तितकाच आवाजही वापरायचा असतो. आमचा भाचा मुळातच अबोल. चार गोल झाले तरी अबोल, सात सह्या झाल्या तरी अबोल.

ती वही घेऊन तो स्वतः सरांकडे गेला. सरांनी ती शांतपणे वाचली. मग सगळ्या मुलांना गोल करून बसवलं आणि चिठ्ठीबद्दल एक अक्षर न बोलता विचारलं, "कॉर्नरच्या वेळी त्या उंच मुलापाशी कोणी उभं राहायचं होतं?"

कुणीच बोलेना. मग एक हात हळूच वर आला. भाच्याच्या त्या मित्राचा.

तुम्हाला वाटेल, आता सर म्हणाले असतील, "भाचाच आपला गोलकीपर!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असतील. नाही. सर म्हणाले, "उद्याच्या सामन्यात गोलमध्ये दुसरा मुलगा उभा राहील. तू बाहेर बस. शॉट तू अडवतोस, पण बोलत नाहीस. बाहेरून बघ, काय काय बोलायला हवं होतं ते."

म्हणजे गोलकीपर बदललाच!

स्कूटरवर मागे बसून तो गप्पच होता. सिग्नलला मी म्हटलं, "२०१४च्या वर्ल्ड कपमधली एक गोष्ट सांगू? नेदरलँड्स आणि कोस्टा रिका, उपान्त्यपूर्व सामना. एकशे वीस मिनिटं झाली तरी ०-०. नेदरलँड्सच्या गोलकीपरने, सिलेसनने, एकही गोल होऊ दिला नव्हता. तरी अगदी शेवटच्या क्षणी त्याला बाहेर बोलावून प्रशिक्षक व्हान गालने टिम क्रूल नावाचा दुसरा गोलकीपर आत पाठवला, खास पेनल्टीसाठी. सिलेसनला आधी सांगितलंसुद्धा नव्हतं."

"मग?"

"क्रूलने दोन पेनल्टी अडवल्या. जिंकले."

"आणि सिलेसन?"

"चार दिवसांनी अर्जेंटिनाशी उपान्त्य सामना होता. त्यात गोलमध्ये पुन्हा सिलेसनच. तो सामनाही पेनल्टीवर गेला. पण तोवर बदली खेळाडू संपले होते. सिलेसनलाच उभं राहावं लागलं."

"अडवल्या त्याने?"

"नाही. हरले."

भाचा जरा वेळाने म्हणाला, "पण उभा राहिला ना." सिग्नल सुटला.

रविवारी दुसरा मुलगा हातमोजे घालून उभा राहिला, तेव्हा त्याचे पाय लटलटत होते. सही करणाऱ्यांत तोही होता. पण सही करणं वेगळं आणि त्या जागी उभं राहणं वेगळं! भाचा आधी बाकावर होता. मग सरांना विचारून गोलच्या मागे जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने मला एक आवाज ऐकू आला. बारीक, चिरका, पण चांगला मोठा. "डावीकडे मोकळा आहे! पुढे ये! आता ये!" मी मान वळवून बघितलं, तर आमचा अबोल भाचा! सामना २-२ सुटला.

नंतर सरांनी दोघांना आलटून पालटून खेळवलं. दोघंही सुधारले. मित्राशी मात्र पंधरा दिवस अबोला होता. मग एक दिवस भाचाच त्याला म्हणाला, "तुझं म्हणणं चूक नव्हतं. पण चिठ्ठी सरांच्या आधी मला द्यायचीस ना!" मित्र म्हणाला, "तुला वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलं." या उत्तरावर दोघंही हसत सुटले. मला मात्र ते वाक्य बरेच दिवस पुरलं. आपण मोठी माणसंही असंच करतो की. तोंडावर सांगत नाही, वाईट वाटेल म्हणून. आणि पाठीमागे सांगतो, ते मात्र सगळ्या गावाला.

पुण्याच्या त्या संघाचं पुढे काय झालं? २०१९ साली तो बंदच झाला आणि स्पर्धेत त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. गोलमध्ये कोण उभा राहावा म्हणून आम्ही भांडलो आणि इकडे संघच राहिला नाही! बालेवाडीच्या बाजूने गेलं की अजूनही जुळे खिडकीतून बघतात. आता ते मिसरूड फुटलेले झाले आहेत.

१८ मार्च २०२३. गोव्यात फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, कोलकात्याचा एटीके मोहन बागान आणि तेच बेंगळुरू. २-२ बरोबरी, मग पेनल्टी. मोहन बागानच्या गोलमध्ये विशाल कैथ. तोच, ज्याला मी माझ्या सोफ्यावरून काढून टाकलं होतं! बेंगळुरूचा ब्रुनो रामिरेस पुढे आला, कैथने झेप घेतली आणि चेंडू अडवला. मोहन बागान ४-३ असं जिंकलं. त्या वर्षीच्या सर्वोत्तम गोलकीपरचा गोल्डन ग्लोव्हही त्यालाच मिळाला.

म्हणजे २०१८ साली आमचा वाद चुकीचा होता का? तसं नाही. तेव्हा कमलजीतला संधी द्या म्हणणाऱ्या दादाकडे कारण होतं, नियम सांगणाऱ्या मुलीकडेही होतं. कारण नव्हतं ते फक्त माझ्याकडे. माझ्याकडे नुसता आवाज होता.

त्या रात्री फोन वाजला. भाचा आता कॉलेजात, आवाज घोगरा झालेला. 'हॅलो'सुद्धा न म्हणता त्याने विचारलं, "काय मावशी, बदलायचा का गोलकीपर?"

मी म्हटलं, "थांब रे. आधी वही आणते."